देवाच्या फळीवरच्या गोळ्या

ये गं, जवळ ये अशी. कागदावर का होईना, पण जवळ ये, म्हणजे मला मोठ्यानं बोलावं लागणार नाही. काल तुझी आई फोनवर सांगत होती, पाचवा महिना लागला आणि आमच्या बाईसाहेबांनी थायरॉईडची गोळी आपल्या मनानं सोडली. का, तर पोटातल्या बाळाला बाधेल म्हणे. अगं शहाणे, बँकेत दिवसभर लोकांच्या शंका सोडवतेस, आणि आपली एक शंका डॉक्टरला विचारायला तुझी जीभ टाळ्याला चिकटली होती का? रागावत नाही मी. म्हणजे रागावलेच आहे, पण थोडीच. कारण तू आज जे केलंस ते मी फार वर्षांपूर्वी करून बसले आहे. तेव्हा तुझी आई सहा दिवसांची होती.

तुला एवढंच माहीत आहे की आजी रोज सकाळी भाकरीबरोबर एक गोळी खाते. ती कसली, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आज सांगते.

साठ साल उलटून गेलं होतं, सत्तर अजून लांब होतं. मी लग्न होऊन जळगावकडच्या खेड्यातून सुरतेला आले. तुझे आजोबा रेल्वेत, रुळांच्या कामावर. भुसावळच्या लाइनीवर गेले की चार-पाच दिवस घरी येत नसत. उधन्याच्या बाजूला चाळीत एक खोली, त्यात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आजूबाजूला सगळीकडे माग. त्यांची खटखट थांबली की लहान मुलं झोपेतून उठायची, इतकी ती अंगवळणी पडलेली. आम्ही बायका घरात चरख्यावर मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचो. भिंतीला भिंत लागून एक गुजराती मासी राहायची. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी, पण दोन महिन्यांत आमचं सगळं बोलणं होऊ लागलं.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि दिवस राहिले. घरात आनंद झाला. उलट्या सुरू झाल्या तरी आनंदच, कारण उलट्या सगळ्यांनाच होतात. पण माझं अंग भरायच्या ऐवजी सुकत चाललं. चरखा फिरवता फिरवता हात मांडीवर गळून पडायचा. आणि मी काळी पडत चालले. सावळी तर होतेच गं, पण हे निराळं. हाताची कोपरं, बोटांची पेरं काळी, आणि लहानपणी तव्याचा चटका बसला होता तो डाग तर कोळशासारखा झाला. हिरड्या जांभळं खाल्ल्यासारख्या दिसू लागल्या.

आत्याबाई मिशरी लावायच्या. एक दिवस त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि आपली डबी उघडून बघितली.

"मन्ही डबीमातली मिशरी तू लेस का वं?"

"नाही हो आत्याबाई, शपथ!"

"मंग हिरड्या काय देवनी रंगाड्यात?"

मी खरंच मिशरीला बोट लावलं नव्हतं. पण त्या दिवसापासून डबी त्यांच्या कमरेला गेली.

चोरी मी करत होते, पण ती मिठाची. येताजाता मिठाच्या बरणीत हात. खडा तोंडात टाकला की जिवाला थंड वाटायचं. लोणच्याचं खारट पाणी वाटीनं प्यायचे. मासीनं एकदा पाहिलं आणि पोट धरून हसली. "बा, आ तो दरियानी दीकरी छे!" म्हणजे ही तर समुद्राची लेक. आत्याबाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणाला चिंचेचे डोहाळे लागतात, हिला मिठाचे लागले.

मग चौथ्या महिन्यात सकाळी नळाच्या रांगेत मी हंड्यासकट खाली आले. हंडा एकीकडे, मी एकीकडे. मासीनं घोडागाडी बोलावली आणि मला आणि आत्याबाईंना घेऊन सरकारी दवाखान्यात गेली.

तिथली दाक्तरीणबाई वयानं माझ्याहून थोडीच मोठी असेल. तिनं नाडी पाहिली, दाब पाहिला, मग माझे दोन्ही तळवे उजेडात धरून रेषा बघायला लागली. तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या होत्या, जशा शाईनं काढल्यात. आत्याबाईंना वाटलं, ही हात बघते. त्या पुढे झाल्या, "पोरगा व्हई का पोरगी व्हई, तेबी सांगी दे ना माय." दाक्तरीणबाई हसली. तिनं मला तोंड उघडायला लावलं, हिरड्या पाहिल्या, तो चटक्याचा डाग पाहिला. मग विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का गं?"

मला रडूच फुटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं.

अकरा दिवस ठेवून घेतलं. रक्त, लघवी, सगळ्या तपासण्या झाल्या. मग तिनं तुझ्या आजोबांना आणि मला समोर बसवून सांगितलं. माणसाच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांच्यातून एक रस रक्तात जातो. तो असेल तर अंगात मीठ टिकतं, दाब टिकतो, ताप आला, मार लागला, बाळंतपण आलं तर शरीर तोलून धरतं. माझ्या ग्रंथी तो रस करत नव्हत्या. तुझी गळ्यातली ग्रंथी काम कमी करते ना, तसंच, पण माझ्यात हा रस नसला तर जीव जाण्याला फार दिवस लागत नाहीत. तो रस गोळीतून घ्यायचा. सकाळी एक, दुपारी चारला अर्धी, पोटात काही घालून. उलटीत पडली तर पुन्हा घ्यायची. ताप आला तर दुप्पट. मीठ वरून खायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.

"किती दिवस?" तुझ्या आजोबांनी विचारलं.

"जन्मभर," ती म्हणाली.

आम्ही दोघं बाहेर पायऱ्यांवर आलो. आत्याबाई खाली घोडागाडीपाशी उभ्या होत्या. आजोबा हळूच म्हणाले, "आईला जन्मभर म्हणू नको. मी सांगतो, बाळ होईपर्यंत आहे म्हणून."

त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं. त्यांच्याच भावकीत एका सुनेला कायमचं दुखणं निघालं होतं आणि तिला पोटुशी असताना भावाच्या दारात आणून सोडली होती. मलाही भाऊच होता, आई नव्हती. म्हणून तर पहिलं बाळंतपण माहेरी न करता सुरतेलाच करायचं ठरलं होतं. मी मान हलवली. त्या वेळी मला नवऱ्याचं ते खोटं बोलणं फार मायेचं वाटलं होतं. आजही वाटतं गं. पण त्यानं काय केलं ते ऐक.

गोळ्या सुरू झाल्या आणि आठ दिवसांत मी भाकरी मागून खाऊ लागले. उलट्या थांबल्या. चरखा फिरायला लागला. मासीच्या चेष्टेवर मी उलट चेष्टा करू लागले. आत्याबाईंना तर तो चमत्कारच वाटला. त्यांनी ती गोळ्यांची बाटली माझ्या ट्रंकेतून काढली आणि देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी नेऊन ठेवली. रोज सकाळी पूजा झाली की प्रसादासारखी एक गोळी माझ्या तळहातावर ठेवायच्या, वर भाकरीचा तुकडा आणि मिठाचा खडा. चारला अर्धी. पाच महिने एकदाही विसरल्या नाहीत. कोणाची सासू एवढं करते?

दिवस भरले. दवाखान्यात दाक्तरीणबाईनं कळा सुरू होताच सुया टोचल्या, हाताला सलाईन लावलं, आणि टळटळीत दुपारी तुझी आई जन्माला आली. आत्याबाईंनी तिला हातात घेतलं आणि तिचा तळवा उघडून आधी रेषा पाहिल्या. गुलाबी होत्या. मग कपाळाला कपाळ लावलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. दाक्तरीणबाईनं मला बजावलं, "आता तर मुळीच चुकवू नकोस." आत्याबाई तेव्हा बाळाला दुपट्यात गुंडाळत होत्या, त्यांच्या कानावर काही गेलं नाही. आजोबांनी आम्हाला घरी पोचवलं आणि ते लाइनीवर निघून गेले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काम नसतंच म्हणा.

आता तुला सोयर माहीत नसेल, तुमच्या फ्लॅटमध्ये कोण पाळतं! घरात मूल जन्मलं की घरच्यांनी बारा दिवस देवाला शिवायचं नाही. पूजा नाही, दिवा नाही. शेजारचं कोणी येऊन दिवा लावून जातं. आमच्याकडे मासी यायची. सकाळी अंघोळ करून यायची, फळीवर दिवा लावायची, लांबूनच बाळाला बघून जीभ काढून दाखवायची आणि जायची. मी साडीचा पडदा लावलेल्या कोपऱ्यात, खाटेवर. समोरच्या भिंतीवर फळी. फळीवर दिव्याच्या उजेडात माझी बाटली. तीन पावलांवर. आणि त्या फळीला हात लावायची मला, आत्याबाईंना, घरातल्या कोणालाच मुभा नव्हती.

आत्याबाईंच्या लेखी त्याची गरजही नव्हती. बाळ होईपर्यंत गोळी, असं त्यांच्या लेकानंच सांगितलेलं. बाळ झालं, गोळी संपली. उलट दुधातून ते कडू औषध आता लेकराच्या पोटात जाऊ नये, एवढीच त्यांची काळजी.

आणि मी? मला तर सगळं ठाऊक होतं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. दवाखान्यातल्या सुयांचा जोर अंगात होता, मी इतकी टवटवीत होते की खरंच बरी झाले की काय, असंही मनात आलं. सांगायचं म्हणजे नवरा खोटं बोलला हेही सांगायचं. मुलगी झालीय, सासू तिचे लाड करतेय, अशात कोणत्या तोंडानं म्हणू की तुमची सून जन्माची रोगी आहे? मासीला खुणेनं सांगितलं असतं तरी तिनं बाटली काढून दिली असती. तेही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंग जड झालं. बाळंतपणाचा शीण असेल म्हटलं. जेवणात तूप-भात, तोही अळणी, कारण मिठानं आतली जखम ओली राहते अशी आत्याबाईंची समजूत. पाणी म्हणशील तर दिवसाला दोन पेले, उकळलेलं. मिठाची बरणी त्यांनी वर ठेवून दिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भात उलटून पडला. नंतर पाणीही. सटीचा, म्हणजे बाळाचा सहावा दिवस होता तो; सटवाईची तेवढी पूजा सोयरातही चालते, तिचं वाटण आत्याबाई वाटत होत्या. दुपारपर्यंत मला हात उचलवेना. बाळ पाजायला मांडीवर दिलं तर ते घरंगळायला लागलं. आत्याबाईंनी वाटण तसंच टाकलं, बाळ उचललं, माझ्या कपाळाला हात लावला. थंडगार.

"नजर लागनी वं तुले," त्या म्हणाल्या. मुठीत मीठ-मोहरी घेतली आणि माझ्यावरून ओवाळायला लागल्या.

कसं सांगू तुला. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, बोलणं कानापर्यंत पोचत नव्हतं, पण ते मीठ मला दिसत होतं. डोक्यावरून पायाकडे, पायाकडून डोक्याकडे. तिसऱ्या फेरीला मूठ तोंडाजवळून गेली आणि मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि मुठीतलं मीठ तोंडात घातलं. मोहरीसकट.

नजर उतरवलेलं मीठ चुलीत टाकतात. ते कोणी खात नाही. आत्याबाई किंचाळल्या. त्यांना वाटलं, अंगात काही शिरलं. मी ते मीठ चावत होते, मोहरी दातांत कचकन फुटत होती, आणि त्या मिठाबरोबरच माझ्या तोंडातून निघालं, "आत्याबाई, गोळी. ती जन्माची आहे. तुम्हाला खोटं सांगितलं आम्ही."

त्या तशाच उभ्या राहिल्या. एका हातावर बाळ, दुसरी मूठ रिकामी. माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे. मासीला हाक मारायला दार तीन पावलांवर होतं. त्या दाराकडे गेल्या नाहीत. बाळ माझ्या कुशीत ठेवलं, पाटावर चढल्या आणि सोयरातल्या हातानं देवाजवळची बाटली उचलली. उचलताना देवाला म्हणाल्या, "जे करनं शे ते माले कर. पोरीसले काही नको करू."

गोळी दिली, ती उलटून पडली. दुसरी दिली, तीही पडली. तेव्हा मात्र त्यांनी मासीच्या नावानं असा आवाज दिला की माग चालू असताना तो पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला. मासी आली, पाहिलं आणि घोडागाडी आणायला पळाली. मला खाटेच्या गोधडीसकट उचलून नेलं. आत्याबाईंच्या कुशीत तुझी आई, मुठीत बाटली.

दवाखान्यात शिरेतून सुई गेली, मिठाचं सलाईन लागलं. दाक्तरीणबाईनं बाटली पाहिली, गोळ्या पाहिल्या आणि आवाज चढवला, "कोणी बंद केली गोळी?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या.

मी डोळे उघडून सांगायला गेले की यांची चूक नाही, मीच बोलले नाही, पण त्यांनी डोळ्यांनी दटावलं. दाक्तरीणबाई त्यांना बरंच बोलली. अजून एक दुपार उशीर झाला असता तर सून हाती लागली नसती, असंही म्हणाली. त्यांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, ही गोळी दूधमा जाई का?"

बघ, त्या अडाणी बाईनं विचारलं. दाक्तरीणबाई शांत झाली. म्हणाली, "जाते, पण राईएवढी. एवढ्या मापानं बाळाला काही होत नाही. तरी दर आठ दिवसांनी बाळाला आणा, वजन बघू." आणि मग आठ दिवसांचे महिने झाले तरी आत्याबाई घोडागाडी करून तुझ्या आईला वजनाला नेत राहिल्या. काटा पुढे सरकला की अख्ख्या ओटीवर सांगायच्या.

आजोबा तिसऱ्या दिवशी लाइनीवरून परतले आणि तसेच दवाखान्यात आले. वऱ्हांड्यात आत्याबाई बसल्या होत्या. मला खाटेवरून दिसत होतं. मला वाटलं आता मारतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मन्हावर तुना भरोसा नव्हता का रे?" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आजोबा त्यांच्या पायाशी बसून राहिले.

पुढे खूप दिवसांनी, आम्ही दोघी कांड्या भरत असताना, मी त्यांना विचारलं, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला ठेवून घेतलं असतं का?" त्यांनी भरलेली कांडी काढून दुसरी लावली. मग म्हणाल्या, "माले नई माहीत वं. आता इचारशी ते हो म्हनसू. तवा काय म्हनती, देव जाने." मला ते उत्तर फार आवडलं. दुसरी कोणी असती तर छातीठोकपणे हो म्हणाली असती.

बाळंतपणानंतरचे ते महिने सोपे नव्हते गं. मूल पाजायचं, झोप नाही, त्यात मला जरा ताप आला की गोळी दुप्पट करायची, उतरला की परत मापावर आणायची. मी चुकायचे, आत्याबाई चुकत नव्हत्या. घड्याळ त्यांना वाचता येत नव्हतं. गिरणीचा भोंगा झाला की सकाळची, आणि शाळा सुटून पोरांचा कालवा आला की अर्धी. शाळेला सुट्टी असली की मासीला विचारून यायच्या. मीठ कितीही खाल्लं तरी कोणी बोलायचं नाही.

सत्तर सालानंतर तुझ्या मामाच्या वेळी पुन्हा दिवस राहिले, तेव्हा तर नळाच्या रांगेत त्या स्वतःच सगळ्यांना सांगत सुटल्या, "मन्ही वहूले जनमभरनी गोळी शे." मी लाजेनं हंड्याआड तोंड लपवायचे. पण त्याचा फायदा असा की आत्याबाई नसल्या तर रांगेतली कोणतीही बाई मला विचारायची, घेतलीस का गं? गुजराती, मराठी, हिंदी, सगळ्या भाषांत. ते बाळंतपण काहीही न होता पार पडलं. सोयराचे बारा दिवस आत्याबाईंनी देव मासीकडे दिले होते नेऊन, आणि माझी औषधं उशाशी.

एवढं सांगितलं ते तुला घाबरवायला नाही. तुझं दुखणं माझ्याइतकं अवघड नाही, आणि तुझ्या हाताशी दवाखाने आहेत. पण तुझ्या बाळाला या महिन्यांत तुझ्याच गळ्यातल्या रसाचा आधार आहे, असं इथले डॉक्टर मला म्हणाले. होय, मी विचारून आले, काल संध्याकाळीच. ते म्हणाले, तिला म्हणावं आजच आपल्या डॉक्टरकडे जा, किती दिवस चुकले ते खरं सांग, आणि ते सांगतील त्या मापानं पुन्हा सुरू कर. बाळंतपण झाल्यावरही माप बदलेल, तेव्हाही आपल्या मनानं काही करायचं नाही.

तर हे वाचलंस की पहिलं काम ते कर. डॉक्टर काय म्हणाले ते मला फोनवर सांग, आणि मग इकडे सुरतेला येऊन जा. थंडी पडायला लागलीय, बाजारात पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, आलाय, कोवळा. सातवा लागला की तुला कोणी प्रवास करू देणार नाही, म्हणून आत्ताच ये, दिवसाच्या गाडीनं, खिडकीची जागा घेऊन. आणि एकटी येऊ नकोस, तुझ्या सासूबाईंना घेऊन ये. त्यांना काय सांगितलंय आणि काय नाही, ते मी विचारणार नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसून पोंक खाऊ आणि बोलू. तू आत जाऊन निवांत झोप. येशील ना? लवकर ये गं.